लोड टेस्टमध्ये पास, रात्री तीनला ५०२: कीप-अलाइव्हचं दुखणं कसं शोधायचं

कीप-अलाइव्ह म्हणजे उत्तर देऊन झाल्यावरही कनेक्शन उघडं ठेवणं. वेब सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे त्याचं दुखणं फिरून फिरून येतं. माझ्याकडे दर दोन-चार महिन्यांनी येतंच. सांगणारा वेगळा असतो, वर्णन तेच: "टेस्ट मारली होती, आकडे झकास आले होते, तरी साइट बसली." खालचं एखादं लक्षण जुळत असेल तर पुढचं वाचा.

लक्षणं

- दिवसातून पाच-दहा वेळा ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर मिळालं नाही, ही चूक) येतो, तोही गर्दी नसताना. लगेच रिफ्रेश मारलं की पान उघडतं. अॅपच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टची नोंदच नसते.
- लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी करून घेतलेली चाचणी) सुरुवातीला सुसाट पळते आणि काही वेळाने गपगार होते. मिनिटभर थांबलं की पुन्हा पळते.
- तीच टेस्ट दोघांनी दोन वेगळ्या टूलने मारली तर आकड्यांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो.
- सीपीयू २० टक्क्यांवर, रॅम मोकळी, तरी लोक पान उघडायची वाट बघत ताटकळतात.
- बहुतेक रिक्वेस्ट चुटकीसरशी होतात, पण मोजक्या काही नेमक्या १ किंवा ३ सेकंद उशिरा.

दिसायला ही पाच वेगळी दुखणी आहेत, पण मला दरवेळी तीच तीन उत्तरं शोधावी लागली: कनेक्शन किती वेळ उघडं राहतं, ते आधी कोण बंद करतं, आणि टेस्टच्या वेळी ते तसंच वागत होतं का.

एचटीटीपी १.० मध्ये दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडायचं आणि उत्तर मिळालं की बंद करायचं, अशी रीत होती. १९९७ साली १.१ चं प्रमाण आलं आणि कनेक्शन उघडं ठेवणं हाच नियम झाला. ते का, हे हिशोबाने पटतं. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला जाऊन यायला जवळपास २०० मिलिसेकंद लागतात. टीसीपीची, म्हणजे दोन मशीनमधल्या कनेक्शनची, ओळख व्हायला एक फेरी, ते कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस १.२ च्या आणखी दोन. म्हणजे रिक्वेस्ट निघायच्या आधीच ६०० मिलिसेकंद गेले. टीएलएस १.३ मध्ये एक फेरी वाचते. कनेक्शन आधीपासून उघडं असेल तर हा सगळा खर्च शून्य. म्हणून कीप-अलाइव्ह सरसकट बंद करून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता तपासण्या. आधी फुकटच्या आणि सोप्या, मग अवघड.

१. टेस्टचा रिपोर्ट नीट वाचा (दोन मिनिटं)

अपाची बेंच म्हणजे आपलं 'एबी' हे लोड टेस्टचं टूल अजूनही पुष्कळ वापरलं जातं. ते एचटीटीपी १.० बोलतं, आणि 'के' हा पर्याय दिल्याशिवाय दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडतं. डब्ल्यूआरके हे टूल उलट, ते कनेक्शन उघडीच ठेवतं. दोघांच्या आकड्यांत फरक पडला तर नवल नाही, कारण दोघांनी वेगळ्याच गोष्टी मोजल्या. एकाने दार उघडण्याचा वेग मोजला, दुसऱ्याने आतल्या कामाचा.

'के' दिल्यावरही खात्री धरू नका. रिपोर्टमध्ये 'कीप-अलाइव्ह रिक्वेस्ट्स' अशी एक ओळ येते. तिथे एकूण रिक्वेस्टच्या जवळपास आकडा हवा. तिथे शून्य असेल तर कनेक्शन एकदाही पुन्हा वापरलं गेलेलं नाही. याचं नेहमीचं कारण असं: १.० मध्ये उत्तर कुठे संपलं हे कळायला कंटेंट-लेंग्थ हा हेडर लागतो. तुमचं पान पीएचपी किंवा तत्सम काहीतरी जागच्या जागी तयार करत असेल आणि लांबी आधी सांगत नसेल, तर सर्व्हरला "संपलं" हे सांगायला कनेक्शन तोडण्यावाचून मार्ग उरत नाही. १.१ मध्ये यासाठी तुकड्या-तुकड्याने पाठवायची सोय आहे, १.० मध्ये ती नाही. म्हणून स्थिर फाइलवर आकडा भरलेला दिसतो आणि डायनॅमिक पानावर शून्य. मी एकदा याच शून्यापायी अर्धा दिवस सर्व्हरची सेटिंग उलटीपालटी केली होती. सर्व्हरचा काहीच दोष नव्हता.

त्याच रिपोर्टमधल्या 'फेल्ड रिक्वेस्ट्स'मध्ये 'लेंग्थ' या नावाखाली मोठा आकडा दिसला तर दचकू नका. पानावर वेळ किंवा टोकन छापलं जात असेल तर दर उत्तराची लांबी थोडी बदलते, आणि एबी त्याला अपयश धरतं.

२. कर्लने दोनदा हाक मारा (पाच मिनिटं)

कर्ल हे कमांडवरून वेब पत्ता उघडणारं टूल. त्याला सगळा तपशील दाखवणारा व्हर्बोज पर्याय द्या आणि एकाच कमांडमध्ये तोच पत्ता दोनदा लिहा. पहिल्या उत्तरानंतर 'लेफ्ट इंटॅक्ट' आणि दुसऱ्याच्या आधी 'रीयूझिंग' असे शब्द दिसले तर दार उघडं आहे. उत्तराच्या हेडरमध्ये 'कनेक्शन: क्लोज' आलं तर मधलं कुणीतरी दार लावतंय. मग हीच हाक आधी बाहेरून मारा, नंतर लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणारा) टाळून थेट एनजिनेक्सला (अॅपच्या पुढे उभा वेब सर्व्हर), शेवटी थेट अॅपला. जिथे उत्तर बदललं तिथे गुन्हेगार. या तपासणीला काही खर्च नाही आणि निम्मी प्रकरणं माझ्याकडे इथेच सुटतात.

३. टेस्ट मारणारं मशीनच थकलंय का? (पंधरा मिनिटं)

सर्व्हरला दोष द्यायच्या आधी आपला लॅपटॉप तपासा. टूल सर्व्हरवरच चालवत असाल तर आधी ते दुसऱ्या मशीनवर न्या, नाहीतर दोघं एकाच सीपीयूसाठी भांडत राहतील.

लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी नेहमीच्या सेटिंगने ३२७६८ ते ६०९९९ एवढीच पोर्ट (कनेक्शनला मिळणारे क्रमांक) असतात, म्हणजे २८,२३२. जो आधी कनेक्शन बंद करतो त्याच्याकडे ते पोर्ट 'टाइम-वेट' अवस्थेत ६० सेकंद अडकून राहतं. टूल आधी बंद करत असेल तर गणित सरळ आहे: २८,२३२ भागिले ६०, म्हणजे एकाच पत्त्याच्या एकाच पोर्टला दर सेकंदाला सुमारे ४७० नवी कनेक्शनं. त्यापेक्षा वेगाने गेलात की साठा संपतो आणि 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस' ही चूक दिसते. वरचं दुसरं लक्षण आठवा: पळते, थांबते, मिनिटभराने पुन्हा पळते. ते मिनिट म्हणजे हेच ६० सेकंद.

'एसएस' कमांडला सारांशाचा पर्याय देऊन टाइम-वेटचा आकडा बघा. टेस्ट चालू असताना बघा, आणि दोन्ही मशीनवर बघा. उघड्या फाइलींची मर्यादाही बघून घ्या. ती बऱ्याच ठिकाणी १०२४ असते आणि प्रत्येक कनेक्शन एक फाइल खातं.

टाइम-वेट दिसला की लोक जुने लेख शोधतात, आणि त्यांत 'टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल' चालू करायचा सल्ला हमखास सापडतो. तो पाळू नका. एकाच आयपीमागे अनेक माणसं असली की त्या सेटिंगने त्यांतल्या काहींची कनेक्शनं गुपचूप टाकली जायची, आणि आपल्याकडे मोबाइल नेटवर गिऱ्हाइकं तशीच बसलेली असतात. २०१७ साली लिनक्स ४.१२ मधून ती सेटिंग काढूनच टाकली.

४. टाइमआउटची उतरंड (अर्धा तास, आणि ५०२ चं खरं घर)

इथे सावकाश वाचा. गर्दी नसताना येणारा ५०२ मी जितक्या वेळा सोडवला, त्यांतल्या बहुतेक वेळा कारण हेच निघालं.

एक कागद घ्या. ब्राउझरपासून अॅपपर्यंत वाटेत जे जे उभं आहे ते क्रमाने लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की रिकामं कनेक्शन तो किती सेकंद उघडं ठेवतो. कुणी सेटिंग बदललेलं नसेल तर आकडे साधारण असे असतात: अॅमेझॉनचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर ६०, एनजिनेक्स ७५, अपाची २.४ मध्ये ५, नोड-जेएस बऱ्याच आवृत्त्यांत ५, गनिकॉर्न २ (हे शेवटचे दोघे अॅप चालवतात).

नियम एकच: मागे, म्हणजे अॅपच्या बाजूला, उभा असलेल्याने पुढच्यापेक्षा जास्त वेळ दार उघडं ठेवायचं. बंद करायचा मान नेहमी पुढच्याला, कारण रिक्वेस्ट तोच पाठवतो.

उलटं असलं तर काय होतं ते सांगते. लोड बॅलन्सर ६० सेकंदांचा, मागे नोड ५ सेकंदांचा. लोड बॅलन्सरच्या मते कनेक्शन चांगलं जिवंत आहे. पाचवा सेकंद भरतो, नोड "मी बंद करतो" असं सांगणारं पॅकेट पाठवतो. ते वाटेत असतानाच लोड बॅलन्सर त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकतो. नोडच्या बाजूला सॉकेट बंद झालेलं असतं, तिथून रीसेट येतो. लोड बॅलन्सरकडे उत्तर नाही, म्हणून तो गिऱ्हाइकाला ५०२ देतो. नोडच्या कोडपर्यंत रिक्वेस्ट पोहोचलीच नाही, म्हणून अॅपचा लॉग कोरा.

आणि टेस्टमध्ये हे का दिसलं नाही? कारण टेस्ट चालू असताना एकही कनेक्शन सलग पाच सेकंद रिकामं बसत नाही. गर्दी असते तेव्हा हा दोष लपतो आणि शुकशुकाट झाला की वर येतो. म्हणूनच पहाटे तीनला ५०२ येतो आणि दुपारी बाराला येत नाही.

एका संध्याकाळी असाच एक लॉग माझ्यासमोर होता. लोड बॅलन्सरच्या ओळीत ५०२ लिहिलेलं, आणि त्याला लागून जिथे अॅपने दिलेला स्टेटस असायला हवा तिथे नुसती आडवी रेघ. ती रेघ दिसली की अॅपच्या कोडमध्ये शोधणं थांबवा आणि कागदावरची उतरंड काढा. एनजिनेक्स पुढे असेल तर त्याच्या एरर लॉगमध्ये 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन' अशी ओळ सापडेल. दोन्हीचा अर्थ एकच.

उपाय सोपा आहे. लोड बॅलन्सर ६० चा असेल तर नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट ६५ करा. नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत हेडर्स टाइमआउटही त्याच्यापेक्षा थोडा वर ठेवावा लागतो, नाहीतर तोच खेळ दुसऱ्या दाराने सुरू होतो. गनिकॉर्नचा नेहमीचा सिंक वर्कर कनेक्शन उघडं ठेवतच नाही, त्यामुळे तिथे थ्रेडचा वर्कर घ्यावा लागतो. एनजिनेक्सचे ७५ हे ६० च्या वरच आहेत, ते तसेच राहू द्या. 'ट्यूनिंग' म्हणून ते १५ वर आणलेले मी बघितलेत, आणि दुसऱ्याच दिवशी ५०२ सुरू झालेले.

बदल लागला का हे तपासायला गर्दीची टेस्ट कामाची नाही. शंभर कनेक्शनं उघडा, एक रिक्वेस्ट पाठवा, जुन्या टाइमआउटच्या आसपास म्हणजे ४.९ ते ५.१ सेकंद गप्प बसा, मग त्याच कनेक्शनवर दुसरी पाठवा. असं तासभर चालू द्या. रिक्वेस्ट पोस्ट प्रकारची, म्हणजे माहिती भरून पाठवणारी, ठेवा, अर्थात चाचणीच्या सर्व्हरवर. गेट रिक्वेस्ट (नुसतं पान मागणारी) बिघडली तर पुष्कळ क्लायंट ती न सांगता पुन्हा पाठवतात आणि दोष झाकला जातो. पोस्ट पुन्हा पाठवायला ते धजत नाहीत, कारण त्यात पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. त्याच कारणाने "५०२ आला की परत पाठव" असा कोड लिहून हे दुखणं झाकू नका. फॉर्म भरणाऱ्याची नोंद दोनदा झाली तर ती निस्तरणं ५०२ पेक्षा महागात पडतं.

५. एनजिनेक्स ते अॅप

पुढचं दार उघडं आणि मागचं बंद, असं पुष्कळ ठिकाणी असतं. एनजिनेक्स ब्राउझरशी १.१ बोलतो, पण मागच्या अॅपशी वर्षानुवर्षं मूळ सेटिंगने १.० च बोलत आलाय आणि दरवेळी 'कनेक्शन: क्लोज' पाठवत आलाय. म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात: अपस्ट्रीम (मागच्या अॅपचे पत्ते लिहायच्या) ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह आणि एक आकडा, प्रॉक्सीची आवृत्ती १.१, आणि कनेक्शन हा हेडर रिकामा. तिघांतली एक राहिली तरी उपयोग शून्य, आणि एररही येत नाही. तो आकडा म्हणजे दर वर्करने रिकामी जपून ठेवायची कनेक्शनं. ती एकूण कनेक्शनांची मर्यादा नव्हे, म्हणून तिथे हजारो लिहू नका. ३२ वर सुरू करा.

६. अपाची प्रीफोर्क: सीपीयू मोकळा आणि लोक रांगेत

एका प्रवेश फॉर्मची साइट होती. सकाळी अकराला फॉर्म खुला झाला आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी साइट बसली. सीपीयू पंधरा-वीस टक्के. आदल्या आठवड्यात शंभर कनेक्शनांनी टेस्ट मारलेली, हजारोंच्या घरातले आकडे आलेले.

अपाचीचं सर्व्हर-स्टेटस पान उघडलं. त्यात दर प्रोसेससाठी एक अक्षर असतं. पडद्यावर ओळीच्या ओळी 'के के के के के', अधूनमधून एखादा 'डब्ल्यू'. 'डब्ल्यू' म्हणजे उत्तर पाठवतोय, 'के' म्हणजे उत्तर देऊन झालं आणि पुढची रिक्वेस्ट येईल म्हणून बसून आहे. एसटीच्या खिडकीवर तिकीट घेऊन झालेला माणूस तिथेच उभा राहिला तर मागच्यांचं जे होईल तेच इथे होत होतं.

हिशोब करा. प्रीफोर्कमध्ये एका कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस. उबुंटूच्या पॅकेजात मर्यादा १५० असते. दर कनेक्शन शेवटच्या उत्तरानंतर ५ सेकंद धरून ठेवलं जातं. म्हणजे सेकंदाला फार तर ३० नवी कनेक्शनं. ब्राउझर १.१ वर एका साइटला सहा कनेक्शनं उघडू शकतो. सगळे तसं करू लागले तर सेकंदाला पाच माणसं! टेस्टमध्ये तीच शंभर कनेक्शनं अखंड राबत होती, फॉर्म वाचत थांबणारं कुणी नव्हतं.

तात्पुरता उपाय म्हणजे कीप-अलाइव्ह टाइमआउट २ वर आणणं. पण पुढे लोड बॅलन्सर असेल तर आधी चौथी तपासणी पुन्हा वाचा, नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं घरात आणाल. कायमचा उपाय म्हणजे पीएचपी एफपीएम या वेगळ्या सेवेत हलवून अपाचीला इव्हेंट एमपीएम या दुसऱ्या पद्धतीवर नेणं. तिथे रिकामी कनेक्शनं प्रोसेस अडवत नाहीत. हे काम एका रात्रीत थेट चालू साइटवर करू नका.

७. दारावरची रांग

नेमक्या १ किंवा ३ सेकंदांचा उशीर दिसला तर पहिलं पॅकेट हरवून लिनक्सने ते पुन्हा पाठवलंय असा संशय घ्या. नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या 'एनस्टॅट' कमांडमध्ये 'लिसन ओव्हरफ्लोज' हा आकडा टेस्टच्या आधी आणि नंतर बघा. वाढला असेल तर अॅपने स्वीकारायच्या कनेक्शनांची रांग भरून वाहतेय. 'सोमॅक्सकॉन' (त्या रांगेची कमाल लांबी) जुन्या कर्नलमध्ये १२८ असायचा, ५.४ पासून ४०९६ आहे. तो वाढवला तरी अॅप स्वतःची रांग वेगळी मागतं, दोघांतली लहान तीच खरी. कर्नलच्या लॉगमध्ये 'कॉनट्रॅक टेबल फुल' दिसलं तर दोष फायरवॉलच्या नोंदवहीत आहे.

८. टेस्टच खोटं बोलतेय का?

सगळ्यात अवघड, कारण इथे आपलाच आकडा नाकारावा लागतो. बहुतेक टूल उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवतात. समजा सेकंदाला १०० रिक्वेस्टचा बेत आहे आणि सर्व्हर १० सेकंद अडकला. एका कनेक्शनवर चालणारं टूल गप्प वाट बघतं आणि एकच वाईट नमुना नोंदवतं. खरी माणसं असती तर त्या दहा सेकंदांत हजार जण आले असते आणि सरासरी पाच सेकंद ताटकळले असते. या चुकीला संगणक-तज्ज्ञ गिल टेने यांनी 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलं, आणि ती टाळायला डब्ल्यूआरके-२ मध्ये ठरलेल्या वेगाने रिक्वेस्ट सोडायची सोय केली. सर्व्हर अडकला तरी तो वेग मोजमापात कमी होत नाही.

म्हणून टेस्ट दोन मारा: एक ठरलेल्या वेगाने, दुसरी माणसासारखी थांबत थांबत. दुसरीत दर काही सेकंदांनी नवी कनेक्शनं यायला हवीत. सरासरी बघू नका, ९९ वा शतमक बघा, म्हणजे शंभरांतल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ.

कुठे थांबायचं

सर्व्हर तुमचा नसेल तर लेखी परवानगीशिवाय एकही टेस्ट मारू नका. शेअर्ड होस्टिंगवर तर शेजाऱ्यांच्या साइटही तुमच्याबरोबर बसतील. तिथे तिसऱ्या तपासणीनंतर होस्टिंगवाल्यांना कळवा, पुढच्या सेटिंग तुमच्या हातात नसतातच.

पैशांचा व्यवहार किंवा रुग्णांची माहिती जाणारी साइट असेल तर चौथीच्या पुढचा कुठलाही बदल अनुभवी माणूस शेजारी बसल्याशिवाय करू नका. कर्नलची दुसरी सेटिंग बदलूनही फरक पडला नसेल तर तिसरी बदलू नका, दोन्ही पूर्ववत करा. आणि उतरंड बरोबर आहे, दोन्ही टोकांचे लॉग स्वच्छ आहेत, तरी रीसेट येतायत, असं असेल तर मधलं काहीतरी कनेक्शन मारतंय: फायरवॉल, नॅट (अनेक मशीनना एकाच आयपीमागे नेणारं), व्हीपीएन. अॅमेझॉनचा नॅट गेटवे ३५० सेकंद रिकामं राहिलेलं कनेक्शन विसरतो, तर लिनक्सचा टीसीपी कीप-अलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी पहिली चौकशी करतो. हे पकडायला दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट टिपावी लागतात. ते काम नेटवर्क इंजिनिअरचं आहे, त्याला बोलवा.

त्याला बोलावताना कागदावरची उतरंड द्या, टूलचं नाव आणि पूर्ण कमांड द्या, आणि किमान पाच ५०२ च्या सेकंदापर्यंतच्या वेळा द्या. वेळेपुढे भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते लिहा. सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत असतात. गिऱ्हाइकाने "रात्री पावणेनऊला झालं" म्हटलं तर लॉगमध्ये १५:१५ ची ओळ शोधायची असते.